अस्तर कोण उलटून बघतं?

आत्याच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोटात दोन आहेत हे डॉक्टरांनी लेकीला सांगितलं होतं, लेकीने नवऱ्याला सांगितलं होतं, आणि आत्याला कळवायचं काम त्या दोघांनी एकमेकांवर ढकललं होतं. त्यामुळे आत्याने सहा दिवस खपून एकच झबलं शिवलं. दवाखान्यातून फोन आला, "आई, दोन आहेत गं," तेव्हा उरलेल्या कापडातून तिने दोन तासांत दुसरं उरकलं. पहिलं आतून असं की बाळाच्या अंगाला शिवण म्हणून लागू नये. दुसऱ्याच्या आत नुसतं रान माजलेलं, दोरे कुठूनही कुठेही. बाळं बघायला आलेल्या मंडळींनी दोन्ही झबली हातात धरून बघितली आणि एका सुरात सांगितलं, "अगदी एकसारखी! काय हात आहे हो!"

आत्या वरून हसली आणि आतून जळली. आणि रोज सकाळी ती झबल्यांची अदलाबदल करायची. मोठेपणी एकावर अन्याय झाला असं कोणी म्हणायला नको.

चाळीस वर्षं ती कपडे शिवत होती. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, खिडकीखाली कापायचं टेबल, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. तिथे बसल्या बसल्या तिने जगाविषयी एकच सिद्धांत काढला होता आणि तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "गिऱ्हाईक कधी अस्तर उलटून बघत नाही."

"मग तुम्ही आतून एवढं नीट कशाला करता?" कोणी विचारलं की म्हणायची, "मला माहीत असतं ना."

यावर खिडकीजवळच्या खुर्चीतून आतोबा हमखास बोलायचे, "एकाने बघितलं होतं."

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. तीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढलेली. त्या तीस वर्षांत दोन गोष्टी पदरात पडल्या. एक कान गेला आणि दुसरा जायच्या बेतात आला, ही पहिली. दुसरी त्यांची शिंक, जी ऐकून शेजारच्या घरातलं मांजर उठून जायचं. कान असे झाल्यामुळे आतोबा कुजबुजले तरी सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. तरुणपणी ते आत्याकडे कोट शिवायला आले होते. तयार कोट त्यांनी तिथल्या तिथे उलटा केला, बाहीच्या आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आतूनही केलंय की!" वर्षाच्या आत लग्न.

"ते कुठलं गिऱ्हाईक?" आत्या म्हणायची. "त्याचं लक्ष शिलाईत नव्हतं, शिंपिणीत होतं."

"दोन्हीकडे होतं," आतोबा म्हणायचे, आणि गल्लीला ते पुन्हा एकदा कळायचं.

तर त्याच वर्षी आत्याचा भाचा वरच्या खोलीत राहायला आला. तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. सोबत एक गिटार, एक माइक, एक स्पीकर, वायरींचं भेंडोळं आणि साबणाच्या वडीएवढी एक लोखंडी डबी. डबीवर एक गोल बटण. पहिल्याच दुपारी छतातून सहा सूर खाली आले. मग तेच सहा. मग परत तेच सहा. आत्याला वाटलं, पोरगं अडकलं. तिने लाकडी मोजपट्टीने छत ठोकलं. वरचे सूर काही थांबले नाहीत, पण जिन्यावर पावलं वाजली आणि भाचा दारात येऊन उभा राहिला.

"काय गं आत्या?"

आत्याने भाच्याकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. वर गिटार चालूच होती.

"वर कोण वाजवतंय?"

"मीच."

"तू तर इथे आहेस."

"तो मघाचा मी."

मग त्याने डबी खाली आणून दाखवली. पायाने बटण दाबलं की डबी ऐकायला लागते. दुसऱ्यांदा दाबलं की मधलं जेवढं ऐकलं तेवढं ती पुन्हा पुन्हा म्हणत बसते. तिसऱ्यांदा दाबलं की त्याच्यावर दुसरा थर चढतो. असं करत करत एकटा माणूस चौघांचं वाजवतो. याला म्हणायचं लूप. लागोपाठ दोनदा दाबलं की डबी गप्प. आणि सगळं नकोसं झालं की बटण दाबून धरायचं, पाटी कोरी.

"पायाने?" आत्याने विचारलं.

"पायाने."

आत्याने मशीनखालच्या आपल्या पायाकडे बघितलं. "मी चाळीस वर्षं पायाने चालवतेय. माझ्यासाठी नाही कोणी टाळ्या वाजवल्या."

"अगं, हे वेगळं आहे. एक ठोका चुकला की तो चुकलेला ठोका गाणं संपेपर्यंत पुन्हा पुन्हा तोंडावर येतो. दोरीवरची कसरत आहे ही. लोकांना ते बघायला आवडतं."

"दोरी दिसते का लोकांना?"

"दिसते म्हणजे काय! डोळ्यांसमोर तर करतो सगळं."

"बाळा," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली, "गिऱ्हाईक अस्तर उलटून बघत नाही."

"एकाने बघितलं होतं," खुर्चीतून आवाज आला.

तिथेच पैज लागली. एकाने जरी येऊन विचारलं की हे तू कसं करतोस, तर भाचा जिंकला, आत्याने त्याला स्टेजवर घालायला कोट शिवायचा. नाही विचारलं, तर महिनाभर आत्याचे कच्चे टाके भाच्याने उसवायचे.

पैज गमतीची होती, पण तिच्या मागे जे होतं ते गमतीचं नव्हतं. चौकातल्या कॉफीहाउसात भाच्याला चार रविवार मिळाले होते, संध्याकाळी पाच ते सात. चौथ्या रविवारी मालकीणबाई सांगणार होत्या, याला कायमचा ठेवायचा की भिंतीला गाण्यांचं मशीन लावायचं. आणि भाच्याच्या वडिलांचं दुसऱ्या गावात रंगाचं दुकान होतं. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "चार रविवार दिले. जमलं तर तुझं तू बघ. नाही जमलं तर सोमवारी सकाळी दुकानात, रंग ढवळायला." आत्याला आपला भाऊ माहीत होता. लहानपणी तो अशी शीळ घालायचा की रस्त्यावरची माणसं मान वळवायची. दुकानात बसल्यापासून ती शीळ कोणी ऐकली नव्हती. म्हणून भाच्याची चेष्टा करून झाली की आत्या मशीन थांबवून छतातून येणारे सूर ऐकत बसायची. हे ती कोणाला दाखवत नव्हती. तिचं तेही अस्तरच.

पहिल्या रविवारी आत्या आणि आतोबा कॉफीहाउसात सगळ्यात पुढच्या टेबलाला बसले. भाच्याने माइकमध्ये जिभेने टक टक केलं, तो झाला ठेका. मग गिटारच्या जाड तारा, मग बारीक तारा, मग स्वतःचं गुणगुणणं. थरावर थर चढत गेले, आणि खरंच चौघं वाजवतायत असं वाटायला लागलं. आत्याने मान मागे वळवली. चाळीसएक माणसं होती. कोणी कॉफीत साखर ढवळत होतं, कोणी जावेची गाऱ्हाणी सांगत होतं. भाच्याचा पाय पुढच्या लाकडी कठड्याआड होता, आणि तो कठड्याआड आहे म्हणून कोणाचं काही अडलेलं नव्हतं.

शेवटी एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "छान वाजवता हो. बाकीचे तिघं कुठे बसतात?"

आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून शंकासुर बोलला. हा निवृत्त पोस्टमास्तर. सगळं कॉफीहाउस त्याला शंकासुर म्हणायचं, कारण त्याला कॉफी गरम आहे यावरही शंका असायची. "बाकीचे तिघं टेपमध्ये बसतात," तो म्हणाला. "घरून भरून आणलंय सगळं. इथे नुसती बोटं हलवायची."

भाचा घरी येऊन जेवला नाही.

"ए, विचारलं की त्या बाईंनी," आत्या म्हणाली. "बाकीचे कुठे बसतात ते."

"आत्या, मीठ चोळू नकोस."

दुसऱ्या रविवारी त्याने उपाय काढला. प्रत्येक गाण्याआधी तो डबीची माहिती सांगायला लागला. ती कशी ऐकते, किती सेकंद ऐकते, बटण क्षणभर उशिरा दाबलं तर काय अनर्थ होतो. पहिल्या गाण्याआधी लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्याआधी चमचे वाजायला लागले. तिसऱ्याआधी मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आत्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मुलगा तुमचा गुणी आहे हो. पण भिंतीवरचं मशीन भाषण करत नाही."

तिसऱ्या रविवारी त्याने तोंड बंद ठेवलं आणि आत्याचा गिऱ्हाइकांसाठीचा आरसा उचलून नेला. पायाजवळ असा तिरका लावला की बसल्या जागेवरून लोकांना त्याचं पाऊल आणि डबी दिसावी. डोकं चाललं होतं पोराचं, नाही असं नाही. पण दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यात एक बाई उठल्या, आरशासमोर वाकल्या, केस सारखे केले, दातांत काही अडकलंय का ते बघितलं आणि त्याला "थँक्यू हं" म्हणून जागेवर जाऊन बसल्या.

त्या संध्याकाळी भाचा आपणहून आत्याच्या खोलीत येऊन बसला, कात्री घेतली आणि एका जाकिटाचे कच्चे टाके उसवू लागला.

"अजून एक रविवार आहे," आत्या म्हणाली.

"काय फरक पडतो? तुझं खरं आहे. लोकांना काही पडलेली नाही. टेप लावली असती तरी चाललं असतं." त्याने एक लांब दोरा ओढून काढला. मग म्हणाला, "रंगाचं दुकान तसं वाईट नाही. नवीन छटा वगैरे येत असतात."

आता पैज जिंकलेल्या माणसाने खूश व्हावं. आत्याला घास गोड लागेना. चाळीस वर्षं जे ती दुसऱ्यांना ऐकवत आली, ते पोराच्या तोंडून ऐकताना तिला शिवीसारखं लागलं. तिने ठरवलं, ही पैज आपण हरायची. आणि आत्याने एकदा ठरवलं की सुई मोडली तरी शिवण पुरी व्हायची.

दोन दिवस ती विचार करत होती. लोक अस्तर कधी बघतात? तिला एका वकिलाचा कोट आठवला. दुसऱ्या कोणाकडून शिवून घेतलेला. भर सभेत हात वर करून बोलताना त्याची बाही खांद्यापासून उसवली होती, आणि तेव्हा मात्र सगळी सभा, मागच्या रांगेतले उभे राहून, आत काय आहे ते बघत होती. म्हणजे उत्तर सोपं होतं. शिवण भर लोकांत उसवायला हवी.

बुधवारी ती आतोबांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी गेली. "अहो, रविवारी तुम्ही शिंकायचं."

"कशाला?"

"तो गाणं सुरू करताना बटण दाबतो, तेव्हा डबी ऐकत असते. माइक आपल्या टेबलापासून हातभर. तेव्हा शिंकलात की ती शिंक डबीत जाणार आणि पुन्हा पुन्हा वाजणार. मग बघू कोण म्हणतो, घरून भरून आणलंय."

आतोबांनी विचार केला. "पोराचं वाटोळं झालं तर?"

"वाटोळं सोमवारी ठरलेलंच आहे. रविवारी झालं तर एक दिवस वाचेल."

"पण शिंक काय, सांगून येते का?"

"तपकीर आणते."

ही मसलत आत्याने हळू आवाजात केली. आतोबांनी त्यांच्या आवाजात केली. नशीब, भाचा तेव्हा बाहेर गेला होता. शेजारणीने मात्र संध्याकाळी विचारलंच, "रविवारी किती वाजता शिंकणार आहेत?"

चौथा रविवार. कॉफीहाउस भरलेलं. मालकीणबाई दाराशी एका माणसाबरोबर भिंतीचं माप घेत होत्या, आणि मशीन कुठे बसेल ते हाताने दाखवत होत्या. भाच्याने ते बघितलं आणि मान खाली घातली. आज आरसा नाही, भाषण नाही. आत्याने टेबलाखाली आतोबांच्या हातात तपकिरीची पुडी दिली. "मी गुडघ्याने ढोसलं की शिंकायचं."

आतोबांनी चिमूट ओढली. नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडलं, आणि बंद झालं. पुन्हा चिमूट. तीस वर्षं न बोलावता येणारी शिंक, आज आमंत्रण दिलं तर घरी नाही.

भाच्याने डोळे मिटले, माइकजवळ तोंड नेलं आणि बटण दाबलं. खोलीत क्षणभर शांतता. आत्याने गुडघा मारला. काही नाही. दुसरा मारला, जरा जोरात.

"अगं, येत नाहीये शिंक! अजून किती ओढू?" आतोबा कुजबुजले.

"हळू बोला!" आत्या ओरडली.

भाचा दचकला. दचकून त्याचा पाय खाली आला, आणि आला तो बटणावर.

स्पीकरमधून, खणखणीत, सगळ्या कॉफीहाउसात घुमलं, "अगं, येत नाहीये शिंक! अजून किती ओढू? हळू बोला!" आणि लगेच पुन्हा, "अगं, येत नाहीये शिंक! अजून किती ओढू? हळू बोला!"

पहिल्या वेळी कोणालाच काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी आतोबांकडे बघितलं. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं, आणि ते आत्याला विचारत होते, "कोण गं हा? माझ्यासारखंच बोलतोय." चौथ्या वेळी "हळू बोला!" अख्ख्या कॉफीहाउसाने एका दमात म्हटलं.

आत्याला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ठरली होती शिंक, आणि बाहेर आली सगळी मसलत. तीही थांबायचं नाव घेईना. भाचा तिच्याकडे बघत होता. पाचव्यांदा "अजून किती ओढू?" आलं तेव्हा त्याला टेबलावरची पुडी दिसली, आणि सगळं समजलं. त्याचा पाय बटणाच्या वर अधांतरी. दाबून धरलं की पाटी कोरी. आता पुसेल, आत्या मनात म्हणाली, पुसेल, माफी मागेल आणि उद्या गाडीत बसेल.

त्याने पुसलं नाही. ओठ आवळले, मान दोनचार वेळा हलवून त्या वाक्याचं माप घेतलं, अगदी आत्या गिऱ्हाइकाच्या खांद्याचं घ्यायची तसं, आणि वाक्याच्या खाली जाड तारेचे सूर घातले. वाक्य चालायला लागलं. वर बारीक तारा घातल्या, वाक्य नाचायला लागलं. मग त्याने पुढचा थर घ्यायला बटण दाबलं, आणि नेमकी तेव्हाच रुसलेली पाहुणी आली. आतोबा शिंकले. एकदा नाही, तीनदा. कपबशा हलल्या.

तिन्ही शिंका डबीत.

त्यानंतर कोणी जागेवर बसलं नाही. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. ज्या बाईंनी आरशात दात बघितले होते त्या कठड्यावरून वाकून भाच्याचं पाऊल बघत होत्या. भिंतीचं माप घेणारा माणूस टेप हातात तशीच लोंबत ठेवून पुढे आला. शंकासुरसुद्धा कोपऱ्यातून उठून आला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. गाणं चढत चढत इतकं वर गेलं, आणि मग भाच्याने एकदम दोनदा पाय मारून सगळं थांबवलं. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत आतोबांनी आत्याला विचारलं, "संपलं का?"

टाळ्या थांबायलाच खूप वेळ लागला.

मग लोकांनी भाच्याला घेरलं. "माझी शीळ घाला ना त्यात!" "आमच्या ह्यांचं घोरणं घालता येईल का?" "काका, अजून एकदा शिंका!" आत्या कान देऊन ऐकत होती. घोरणं, शीळ, शिंक, सगळं विचारून झालं. हे तू कसं करतोस, ते मात्र कोणी विचारलं नाही.

मालकीणबाई आल्या. माप घेणाऱ्या माणसाला त्यांनी कॉफी पाजून परत पाठवलं होतं. "रविवार तुझे," त्या भाच्याला म्हणाल्या. "कायमचे. फक्त काकांना आणत जा."

"म्हणजे मला ठेवताय की त्यांना?"

"वेगवेगळे घेऊन काय करू?"

भाच्याने हात जोडले, पण चेहरा काही फुलला नाही. वायरी गुंडाळता गुंडाळता तो आत्याला म्हणाला, "दुकान टळलं. पण जिंकलीस तूच. त्यांना शिंक आवडली. मी काय केलं ते कोणी बघितलं नाही."

आत्याने टेबलावरची तपकिरीची पुडी उचलून पर्समध्ये टाकली.

सगळे पांगले, तरी शंकासुर उभाच होता. तो जवळ आला, घसा साफ केला. "एक शंका आहे."

"विचारा," भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात जीव नव्हता. "टेप कुठे लपवलीय, तेच ना?"

"नाही. गेले तीन रविवार तुम्ही सगळं आठ ठोक्यांत वाजवलंत. मी मोजलंय. आज सातात होतं. काकूंच्या ओरडण्याने तुमचा पाय एक ठोका आधी पडला. बरोबर?"

भाच्याच्या हातातली वायर खाली पडली.

"बरोबर."

"मग तुम्ही सगळंच सातात बसवलंत. जागच्या जागी. टेप असती तर आठातच राहिली असती." शंकासुराने चष्मा काढला, परत घातला. "माझं एवढंच विचारणं आहे, की सातवा ठोका संपून पहिला परत येतो तिथे ठेच लागायला हवी होती. लागली नाही. ती कशी टाळलीत?"

आणि मग भाचा जे बोलायला लागला! डबी परत काढली, गिटार परत काढली, मालकीणबाईंनी दिवे अर्धे मालवले तरी दोघांचं संपेना. आत्या पर्स मांडीवर घेऊन बघत बसली. तिला सात-आठाचं काही कळत नव्हतं. पण कापड चुकून एक बोट आखूड कापलं गेलं की काय करायचं असतं, ते तिला कळत होतं. तिने तसे कितीतरी कोट बसवले होते, गिऱ्हाइकाला पत्ता लागू न देता. कोणी येऊन असं विचारावं म्हणून ती किती वर्षं थांबली होती, ते तिने मोजलं नाही.

"एकाने बघितलं," आतोबा म्हणाले. तेवढं मात्र त्यांना नीट ऐकू आलं होतं.

घरी जाताना आतोबांनी भाच्याला विचारलं, "माझी शिंक आहे ना रे डबीत अजून?"

"नाही आतोबा. पुसली. त्यांना दाखवायला जागा लागली."

आत्याला वाटलं, आता हे रुसणार. पण आतोबा म्हणाले, "बरं केलंस. शिळी शिंक काय कामाची? दर रविवारी ताजी देईन."

आणि दिली. म्हणजे आली तर दिली. काही रविवारी यायची, काही रविवारी पुडी संपली तरी यायची नाही, आणि येते की नाही याच्यासाठी लोक कॉफी निवत ठेवून बसायचे. भाचा कुरकुर करायचा, की मी इतकं वाजवतो आणि लोक आतोबांच्या नाकाकडे बघतात. शंकासुर मात्र पुढच्या टेबलाला बसून बोटांवर ठोके मोजायचा, आणि एखादा हलला की भुवई उचलायचा. त्या भुवईला भाचा जितका घाबरायचा तितका वडिलांनाही घाबरला नव्हता. वडील एकदा येऊन ऐकून गेले. बस सुटताना खिडकीतून बारीकशी शीळ ऐकू आली, असं आतोबांनी सांगितलं. आता आतोबांना शीळ ऐकू आली म्हणजे कितपत खरं मानायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पैजेवरून मात्र घरात आठवडाभर भांडण झालं. एकोणचाळीस जणांनी विचारलं नाही, एकाने विचारलं. शेवटी दोघंही हरले असं ठरलं. भाच्याने महिनाभर टाके उसवले आणि आत्याने कोट शिवला.

कोट तयार झाला त्या दिवशी आत्याने तो त्याच्या हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसली, जशी काही तिला घाई आहे. मशीन चालत होतं, सुईखाली कापड नव्हतं. भाच्याने कोट घातला, हात वर केले, खाली केले. मग काढला आणि उलटा केला. उजवी बाही बघितली, पाठ बघितली. डाव्या बाहीपाशी थांबला.

"आत्या, ही बाही आतून अशी कशी? नुसतं रान माजलंय. तू शिवलीस की शेजारणीने?"

आत्याने मशीन थांबवलं. चाळीस वर्षांत तिने मुद्दाम वाईट शिवलेली ती एकच बाही.

"आण इकडे," ती म्हणाली, आणि उसवायला घेतली. "बघत होते, बघतोस का."

खुर्चीतून आतोबा मोठ्याने हसले, आणि हसता हसता शिंकले.

ते रविवार पुढे सहा वर्षं चालले. जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी आठच्या सुमाराला आतोबा गेले.